मखराचं मटेरियल: भेंड, बेगड आणि थर्मोकोल

बोललेलंच थोडं साफसूफ करून खाली दिलंय.

आज सुरुवात एका सरकारी यादीपासून. १ जुलै २०२२ पासून देशभर काही एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, आठवतंय? ती यादी वाचायला मजेशीर आहे. कान साफ करायच्या काड्या, फुग्यांच्या काड्या, प्लास्टिकचे झेंडे, लॉलीपॉप आणि आइस्क्रीमच्या काड्या, आणि मग एकदम "सजावटीसाठीचं पॉलिस्टायरीन", म्हणजे आपला थर्मोकोल. त्याच्यापुढे ताटल्या, पेले, काटे, चमचे वगैरे नेहमीची मंडळी.

मी अडकलो तो "सजावटीसाठीचं" या शब्दावर. म्हणजे नवा टीव्ही ज्या थर्मोकोलमध्ये बसून घरी येतो, तो या यादीत नाही. गणपती ज्या थर्मोकोलमध्ये बसतो, तो आहे. पदार्थ एकच. कोड रिव्ह्यूमध्ये अशी कंडिशन दिसली असती तर मी पहिली कमेंट हीच टाकली असती, की बाबा, हे इफ-एल्स इथे कशासाठी? उत्तर शोधायला गेलो आणि मखराच्या इतिहासात जाऊन पडलो. तिथून आणलेला माल आज तुमच्यासमोर ठेवतोय.

आधी मखर म्हणजे काय. बसवायची सजवलेली जागा. आपल्याला आता फक्त गणपती आठवतो, पण मखरात माणसंही बसायची, आणि खरं तर बाया बसायच्या. डोहाळेजेवणाला फुलांचं मखर अजूनही करतात. त्याआधीची एक पद्धत आता बहुतेक विसरली गेलीय, आणि बरं झालं विसरली गेली. बालविवाहाच्या काळात मुलीला पहिल्यांदा न्हाण आलं की तिला सजवून मखरात बसवायचे, आल्यागेल्या बायका ओटी भरायच्या, कौतुक करायच्या. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला त्या कौतुकाखाली काय वाटत असेल, देव जाणे. "तिला नुसतं मखरात बसवून ठेवलंय" हे वाक्य आपण आजही टोमण्यासारखं वापरतो. गोव्यात मखराला आणखी एक वेगळी तऱ्हा आहे. तिथल्या कितीतरी देवळांत नवरात्रात मखरोत्सव होतो. देवीला सजवलेल्या मखरात बसवतात आणि आरतीच्या वेळी ते मखर वाद्यांच्या तालावर चक्क झुलवतात. एकदा तरी जाऊन बघा, व्हिडिओत ती मजा येत नाही.

घरातल्या सजावटीचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त प्रकार बघायचा असेल तर मात्र कोकणात आणि गोव्यात चतुर्थीला जायला हवं. तळकोकणात त्याला माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी. गणपतीच्या डोक्यावर छताला एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातून, परसातून आणलेल्या वस्तू बांधतात. आंब्याचे टाळे, सुपारीचे घोस, नारळ, काकडी, चिबूड, कवंडळं, कांगणं, तेरडा, हरणाची फुलं. बांधायला सुतळी विकत आणायची गरज नाही, केवणीची साल काढली की दोर तयार. याच केवणीच्या शेंगेला घाटावर मुरुडशेंग म्हणतात, आजीच्या बाळगुटीतली.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, फळं लटकवलीयत, त्यात काय. पण ती माटवी बांधायला निदान पंधरा-वीस रानवनस्पती ओळखता याव्या लागतात, आणि त्या भाद्रपदात कुठल्या उतारावर मिळतील ते माहीत असावं लागतं. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती खातं तर माटोळीची स्पर्धा घेतं, आणि त्यात शेकडो प्रकारच्या वनस्पती मांडणारे लोक असतात. या सजावटीचं बिल जवळपास शून्य. खर्च होतो तो पायांचा आणि आठवणीचा. आणि गणपती गेले की यातलं खायचं ते खाल्लं जातं, काहीचं बी ठेवतात, उरलेलं माडाच्या मुळाशी. चौकट पुसून माळ्यावर.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता घाटावर येऊ. इथे मखराचं खानदानी मटेरियल होतं भेंड. आपल्या पिढीने हा शब्द ऐकलेलाच नसतो. भेंड म्हणजे तळ्याकाठी, दलदलीत वाढणाऱ्या एका झुडपाचा आतला गाभा. वनस्पतिशास्त्रात नाव एस्किनोमेनी आस्पेरा. वरची साल तासली की आत पांढराशुभ्र, मऊ, हातात घेतला तरी वजन न जाणवणारा दांडा. धारदार सुरीने तो गोल गोल सोलत गेलं की कागदासारखी पट्टी निघते. तिच्यापासून फुलं, वेली, नवरदेवाची बाशिंगं आणि मखरं बनायची.

बंगालीत याचं नाव शोला. तिथे दुर्गेचा पांढरा साज अजूनही शोल्याचा करतात आणि तो करणाऱ्या कारागिरांना मालाकार म्हणतात. तमिळनाडूत तंजावरचं नेट्टी काम याच गाभ्याचं. आणि इंग्रज साहेबांच्या डोक्यावरची ती जाड टोपी आठवा, सिनेमात शिकारीला जाताना घालतात ती. तिला लोक सोलर हॅट म्हणतात, जणू सूर्याशी संबंध आहे. संबंध सूर्याशी नाही, शोल्याशी आहे. सोला हॅट. भेंडाची टोपी.

हा गाभा इतका हलका का? कारण त्याच्या पेशींत हवा भरलेली असते. पातळ भिंती आणि मध्ये हवा. म्हणून तो हलका, म्हणून तो उष्णता अडवतो, म्हणून साहेबाचं डोकं थंड राहतं. जरा थांबून विचार करा, हे वर्णन आणखी कोणाला लागू पडतं? थर्मोकोल यायच्या कितीतरी आधी आपल्या तळ्याकाठी थर्मोकोल उगवत होता. फक्त तो कुजायचा.

चमक हवी असेल तर बेगड. म्हणजे अगदी पातळ, रंगीत, चकचकीत पत्रा. सोनं परवडत नाही म्हणून सोन्यासारखं दिसणारं काहीतरी. याच बेगडावरून आपण "बेगडी" म्हणतो, खोटं, वरवरचं, या अर्थाने. बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती. मला हे जरा अन्यायाचं वाटतं. बेगडाने कधी मी सोनं आहे असा दावा केला नव्हता. ज्याच्या घरात सोनं नव्हतं त्याच्या देवाला चार दिवस झळाळी दिली, आणि बदल्यात भाषेने त्याची शिवी केली.

मग कागद. आता आपल्याला "घरच्या घरी स्वस्त सजावट" म्हटलं की पहिल्यांदा कागदच सुचतो. पण कागद स्वस्त असणं ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. हातकागद आपल्याकडे शतकानुशतकं बनायचा. दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा नावाचं गावच आहे, जुन्नरचा कागद नावाजलेला होता, पुण्यात कसबा पेठेत कागदीपुरा आहे. पण तो कागद दफ्तरांसाठी, पोथ्यांसाठी, हुंड्यांसाठी. त्याच्या पताका कापून कोणी दाराला लावल्या असत्या तर घरातल्या मोठ्यांनी कानाखाली काढली असती. १८४४ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश केलरने लाकूड दळून लगदा करायची युक्ती काढली, पुढे गिरण्या आल्या, आणि कागद इतका स्वस्त झाला की तो फाडून, दुमडून, कातरून फेकता येऊ लागला. क्राफ्ट नावाचा प्रकार तिथून सुरू होतो. मुद्दाम शब्द घासून सांगतो: आधी वस्तू वाया घालवता आली पाहिजे, मगच तिच्याशी खेळता येतं.

रंगांचंही तेच. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा मलेरियावरचं औषध बनवायला गेला आणि डांबरापासून जांभळा रंग बनवून बसला. त्याच्यामागोमाग कृत्रिम रंगांचे कारखाने निघाले. त्यातला एक जर्मनीत १८६५ मध्ये सुरू झाला, नाव इतकं लांब की सगळे आद्याक्षरंच वापरतात: बीएएसएफ. याच कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडच्या निळीच्या शेतीचा बाजार उठवला. ही कंपनी लक्षात ठेवा. गोष्टीत ती परत येणार आहे.

तर स्वस्त कागद, भडक रंग, आणि चिकटवायला खळ. खळ म्हणजे गव्हाचं पीठ किंवा मैदा पाण्यात शिजवून केलेली पेस्ट. त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, म्हणजे किडे आणि उंदीर त्या कागदाच्या वाटेला जायचे नाहीत. बांबूच्या कामट्या, पुठ्ठा, घोटीव कागद, पुढे क्रेप, जिलेटीन. १८९३ नंतर गणपती चाळीत आला, गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत पहिला, आणि आरास हा प्रकार घरापुरता राहिला नाही. शेजारच्या चाळीपेक्षा आपली भारी, हे सुरू झालं. पण मटेरियल तेच, कामट्या आणि कागद. दहा दिवसांनी कामट्या पुढच्या वर्षीसाठी बांधून ठेवायच्या, कागद बंबात.

आता जर्मनी. पण १८६५ च्या जरा मागे, १८३९ मध्ये. बर्लिनमध्ये एडुआर्ड झिमोन नावाचा एक औषधविक्या होता. त्याच्याकडे एका झाडाचा सुगंधी चीक होता, इंग्रजीत त्याला स्टोरॅक्स म्हणतात. त्याने तो चीक ऊर्ध्वपातनाने गाळला आणि एक तेलकट द्रव मिळवला. नाव दिलं स्टायरोल. काही दिवसांनी बघतो तर द्रव घट्ट होऊन जेलीसारखा झालेला. त्याला वाटलं, हवा लागून काहीतरी झालं असणार. प्रत्यक्षात ते द्रवाचे रेणू एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळ्या करत होते. हे समजायला १९२० चं दशक आणि हेरमान श्टाउडिंगर यावा लागला. लांब साखळ्यांची कल्पना मांडली म्हणून सहकाऱ्यांनी त्याची टर उडवली, आणि पुढे १९५३ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

मला स्वतःला या सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. स्टोरॅक्स म्हणजे आपला शिलारस. आयुर्वेदातला, धुपात पडणारा शिलारस. म्हणजे गणपतीसमोर जो धूप जळतो त्याचा आणि गणपतीमागे जे थर्मोकोलचं मखर उभं असतं त्याचा मूळपुरुष एकच निघाला. स्टायरीन हे नावसुद्धा त्या चिकाच्या नावावरूनच आलंय.

१९३० च्या सुमाराला जर्मनीत पॉलिस्टायरीन कारखान्यात बनायला लागलं. ते तेव्हा कडक आणि ठिसूळ होतं, जुन्या कॅसेटच्या डबीसारखं. त्याचा फेस करायचे प्रयत्न बऱ्याच ठिकाणी झाले. स्वीडनमध्ये कार्ल मुंटर्सने केला, अमेरिकेत डाऊ कंपनीत रे मॅकिन्टायरने केला, आणि महायुद्धात अमेरिकेच्या तटरक्षक दलाने त्याचे तराफे वापरले. पण आपल्या दुकानात जो मण्यामण्यांचा थर्मोकोल मिळतो, तो बीएएसएफमधल्या फ्रिट्झ श्टास्टनीचा. १९५१ मध्ये कंपनीने तो स्टायरोपोर या नावाने आणला. हो, तीच रंगवाली, निळीवाली कंपनी. भारतात तिने याच मालाला दिलेलं व्यापारी नाव म्हणजे थर्मोकोल, आणि आपण ते डालडा, झेरॉक्स, कोलगेटसारखं सामान्यनाम करून टाकलं. जगात बाकी कुठे थर्मोकोल मागून बघा, कोणाला काही कळणार नाही.

तो बनतो कसा? साखरेच्या दाण्याएवढे पॉलिस्टायरीनचे मणी असतात, आत पेन्टेन नावाचा सहज उडणारा द्रव. वाफ दिली की प्लास्टिक मऊ पडतं, पेन्टेनचा वायू होतो, आणि मणी लाहीसारखा फुलतो, आकारमानाने अगदी चाळीसपट. असे फुललेले मणी साच्यात भरून परत वाफ दिली की ते एकमेकांना चिकटून ठोकळा तयार. त्या ठोकळ्यात सुमारे ९८ टक्के हवा. तुम्ही पैसे दोन टक्क्यांचे देता. म्हणून तो स्वस्त.

आणि घरी काम करायला तर स्वप्नच. करवत नको, सुतार नको. नायक्रोमची तार ताणून तिच्यातून वीज सोडली की ती तापते, आणि थर्मोकोल लोण्यासारखा कापला जातो. शाळेत आपण सेलवर चालणारा कटर घेऊन प्रोजेक्ट केलेत, त्याचीच मोठी आवृत्ती. तार सुरीपेक्षा बारीक, म्हणून जाळी, कमान, मोराचा पिसारा, काहीही निघतं. फक्त दोन नियम पाळायचे. एक, थिनर असलेला रंग किंवा पेट्रोलसारख्या द्रावणातला गोंद लावायचा नाही, नाहीतर डोळ्यांसमोर खड्डा पडतो. पाण्यातले रंग आणि पांढरा फेविकॉल. तोही १९५९ पासून बाजारात होताच, त्यामुळे ही जोडी मस्त जमली. दुसरा नियम, निरांजन लांब ठेवायचं. हा दुसरा नियम पाळला नाही म्हणून काय काय झालं ते घरोघरी वेगवेगळं ऐकायला मिळेल.

पहिला थर्मोकोल बऱ्याच घरांत फुकटच आला असणार, टीव्ही नाहीतर फ्रिजच्या खोक्यातून. आमच्याकडे माझ्या काकांनी असंच पहिलं मखर केलं होतं, टीव्हीच्या पॅकिंगच्या खाचा तशाच ठेवून, त्यांना महिरप म्हणून. मी या भागासाठी त्यांना फोन केला तेव्हा म्हणाले, "अरे, त्याच्या आधी आम्ही कामट्या सोलायचो. दोन रात्री जायच्या आणि बोटात कुसळं. थर्मोकोल आला आणि ऑफिसातून येऊन तीन तासांत मखर उभं. तुम्हाला आता काय, नावं ठेवायला सोपं आहे."

काकांचं म्हणणं मी मुद्दाम इथे ठेवलं. थर्मोकोलवर बोलताना आपण फार पटकन पर्यावरणवाल्या सुरात जातो. पण ज्याच्याकडे दोन रात्री नव्हत्या, रान नव्हतं, आणि दादरहून आणलेल्या चार शीटपुरतेच पैसे होते, त्याच्या घरात या पदार्थाने राजवाडा उभा केला. लालबाग, परळ, गिरगाव, पुण्यात बोहरी आळी, तिथपासून तालुक्याच्या स्टेशनरी दुकानापर्यंत घडीची मखरं टांगलेली असायची, दोन फुटी, अडीच फुटी. ती कापणारे, रंगवणारे, टिकल्या चिकटवणारे हात होते. कित्येक घरांचं वर्षाचं गणित त्या हंगामावर होतं.

आता परत त्या माटवीच्या वाक्याकडे या. गणपती गेले की खायचं ते खाल्लं, उरलेलं माडाच्या मुळाशी. भेंड कुजायचं, कागद बंबात जायचा, बेगड उतरवून ठेवायचं. गंमत अशी की मखर ही मुळात तात्पुरती गोष्ट. दीड दिवस, पाच दिवस, फार तर दहा. सगळा सणच विसर्जनावर बेतलेला, मातीचा देव मातीत. त्यात आपण असं मटेरियल आणलं ज्याला संपणंच माहीत नाही. पॉलिस्टायरीनची कार्बनची साखळी तोडायला सूक्ष्मजीवांना जमत नाही म्हटलं तरी चालेल. थर्मोकोल कुजत नाही, फक्त बारीक होत जातो. शीटचे तुकडे, तुकड्यांचे मणी, मण्यांचा भुगा. आणि तो पाण्यावर तरंगतो. मूर्ती बुडते, मखर तरंगतं.

मग माझ्या इफ-एल्सचं काय? टीव्हीचा चालतो आणि देवाचा का नाही? याचं उत्तर मला भंगाराच्या दुकानाबाहेर सापडलं, आणि ते साधं गणित आहे. थर्मोकोल रिसायकल होतो. दाबून, वितळवून त्याच्या फोटो फ्रेमच्या पट्ट्यासुद्धा होतात. अडचण वाहतुकीची आहे. थर्मोकोलचं वजन घनमीटरला साधारण १५ ते २० किलो. समजा १० घनमीटर माल मावेल असा टेम्पो शिगोशिग भरला, तर माल झाला फक्त दीडशे ते दोनशे किलो. बाकी तुम्ही डिझेल जाळून हवा वाहून नेताय. भंगारवाला पैसे किलोवर देतो. दिवसभर पोतं भरून थर्मोकोल गोळा केला तरी वेचणाऱ्या बाईच्या हातात चहाचे पैसे येणार नाहीत. म्हणून ती बाटली उचलते, थर्मोकोल सोडून देते. त्यात मखराचा थर्मोकोल रंगवलेला, चमकी लावलेला, फेविकॉलने कागद चिकटवलेला, आणि एकाच आठवड्यात लाखो घरांतून एकदम बाहेर पडणारा. फ्रिजचा निदान कोरा आणि स्वच्छ असतो, आणि तो काढून टाकला तर फ्रिज फुटतो. मखराला पर्याय आहेत. इतपत लॉजिक मला पटलं. पूर्ण नाही पटलं. कारण वर्षभर बारा महिने येणाऱ्या पॅकिंगचाही शेवट बहुतेक त्याच ढिगाऱ्यावर होतो. ज्याच्यामागे मोठे उद्योग उभे आहेत त्याला सूट मिळाली, आणि ज्याच्यामागे लालबागचे कारागीर उभे होते त्याला बंदी, हेही त्या कंडिशनमध्ये लिहिलेलं दिसतंच.

महाराष्ट्रात हे देशाच्या चार वर्षं आधी झालं. २३ मार्च २०१८ ला राज्याची प्लास्टिक आणि थर्मोकोल बंदीची अधिसूचना निघाली. दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. जूनअखेर कारवाई सुरू झाली. गणेश चतुर्थी १३ सप्टेंबरला होती. सजावटीचं काम करणाऱ्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली, निदान या गणपतीपुरती सवलत द्या म्हणून. जुलैमध्ये न्यायालयाने नाही म्हटलं. कायदा म्हणून तो निकाल योग्यच असेल. पण हंगामाच्या तोंडावर ज्याच्या खोलीत छतापर्यंत शीट रचलेली होती, त्याने त्या पावसाळ्यात काय केलं असेल, हे मला कोणत्याच बातमीत नीट वाचायला मिळालं नाही.

काही जण आधीच वेगळ्या वाटेने गेले होते. जे. जे. मध्ये शिकलेले कलादिग्दर्शक नानासाहेब शेंडकर बंदीच्या कितीतरी आधीपासून "उत्सवी" या नावाने पुठ्ठ्याची घडीची मखरं करत होते. बंदीनंतर पुठ्ठा, कापडी पडदे, लेझरने कापलेलं एमडीएफ यांचं पीक आलं. त्याचबरोबर फोम शीट आणि प्लास्टिकची फुलंही आली. दुकानदार "थर्मोकोल नाही, फोम आहे" असं अभिमानाने सांगतो. ती शीट बहुतेक वेळा ईव्हीएची असते, म्हणजे तेही प्लास्टिकच. नाव बदलून तोच बग परत प्रॉडक्शनमध्ये.

पुठ्ठ्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. नागमोडी थराचा पुठ्ठा, ज्याची खोकी येतात तो, १८५६ मध्ये इंग्लंडात उंच टोप्यांना आतून आधार द्यायला निघाला. १८७१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट जोन्सने तो काचेच्या वस्तू गुंडाळायला वापरला. म्हणजे हाही मूळचा टोपीवाला, भेंडासारखा, आणि मग पॅकिंगवाला, थर्मोकोलसारखा. आणि याच्याही पोटात हवाच.

ज्यांना यंदा करून बघायचंय त्यांच्यासाठी, घरात पडलेल्या तीन ऑनलाइन खोक्यांत दोन फुटी मखर होतं. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या राहतील असे खांब कापा, आडव्या ठेवल्यात तर कमान चतुर्थीच्या संध्याकाळपर्यंत मान टाकते. दुमडायचं असेल तिथे आधी कात्रीच्या बोथट बाजूने पट्टी धरून रेघ दाबून घ्या, मग घडी सरळ पडते. नळ्यांच्या आडव्या दिशेने दुमडताना ही रेघ हवीच. गोल खांब हवा असेल तर एका बाजूचा कागद ओला करून सोलून काढा, नागमोडी थर उघडा पडतो आणि पुठ्ठा हव्या त्या गोलाईत वळतो. तो उघडा थर देवळाच्या खांबावरच्या उभ्या खाचांसारखा दिसतो, रंगवायचीही गरज नाही. खळ दोन चमचे मैदा आणि वाटीभर पाण्याची, मंद आचेवर, ढवळत राहा नाहीतर गाठी होतात. मोरचूद विषारी असतं, घरात लहान मूल असेल तर घालू नका, दहा दिवसांत उंदीर काही एवढं बिघडवत नाहीत. आणि खोक्यावरची ती चकचकीत चिकटपट्टी आणि पत्त्याचा स्टिकर आधी सोलून वेगळे काढा. मखर नंतर कुंडीतल्या मातीत फाडून घालता येतं, ती पट्टी नाही.

केलंत तर फोटो पाठवा. माटवी बांधणारं कोणी ऐकत असेल तर त्यांनी मला त्यातल्या वनस्पतींची त्यांच्या गावची नावं नक्की पाठवा. पुढचा भाग आकाशकंदिलावर आहे, त्याआधी मला एक झिरमिळ्यांचा हिशोब लावायचाय. भेटू!